पाऊण सेकंदाचा थांबा

तुम्ही नियम केलात, पण तो करताना एकदाही शाळेच्या मागच्या दाराने आत आला नाहीत. पुढच्या दाराने आलात. हार घालून घेतलेत, चहा प्यायलात, पटांगणात फोटो काढलेत. तुम्हाला शाळेत दोनच प्रकारची माणसं दिसली. एक शिक्षक, आणि दुसरे शिक्षकेतर. म्हणजे जे शिक्षक नाहीत ते. घंटा देणारा, दाखले लिहिणारी, खिचडी शिजवणारी, प्रयोगशाळेत काचा धुणारी, सगळी एका 'इतर'मध्ये कोंबलीत. माणूस काय करतो हे विचारायचे कष्ट नकोत, म्हणून तो काय नाही तेवढं लिहून मोकळे झालात. आणि मग त्या इतरांची गुणवत्ता मोजायला निघालात.

मोजलीत. आता ऐका.

माणदेशात माळावर जोगेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेत मालन खिलारे चौदा वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होती. सांभाळत होती म्हणजे सगळंच. परीक्षानळ्या धुणं, मोरचूद जोखून ठेवणं, स्पिरिटचे दिवे भरणं, आणि विज्ञानाचे सर तालुक्याला मीटिंगला गेले की पोरांना प्रयोग करून दाखवणं. सर आठवड्यातले तीन दिवस मीटिंगला असत. कागदावर मात्र ती कुणीच नव्हती. 'मानधनावरील मदतनीस' एवढीच तिची ओळख, आणि तीही दर जूनमध्ये नव्याने लिहून घ्यावी लागे.

दोन हजार एकेचाळीस साली नवा नियम आला. मानधनावरची सगळी पदं रद्द. कायम पदं भरायची, ती निव्वळ गुणवत्तेवर. वशिला नाही, चिठ्ठी नाही, मुलाखतसुद्धा नाही. खोटं कशाला बोला, मालनला तेव्हा बरंच वाटलं होतं. चौदा वर्षांत दोनदा तिच्या डोक्यावरून कुणाचा ना कुणाचा भाचा कायम होऊन गेला होता, आणि त्यातल्या एकाला लिटमस आणि टिपकागद यांतला फरक तिनेच शिकवला होता.

"आता माणूस बघायचा न्हाय, हात बघायचा," ती नवऱ्याला म्हणाली. "हात तर माझा हाय की."

हात बघायचा म्हणजे खरोखरच हात बघायचा. त्यामागचं शास्त्र सोपं आहे आणि ते खोटंही नाही. हात हलतो तेव्हा त्यातले स्नायू जोडीनं काम करतात. एक ओढतो, दुसरा आवरतो. नवशिक्याचे दोन्ही एकदम ताणलेले असतात. गाडीचा ब्रेक न सोडताच अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसे. म्हणून त्याचा हात थरथरतो, लवकर दमतो, सांडतो. तेच काम हजार वेळा केलं की मेंदू हळूहळू ब्रेकवरचा पाय काढून घेतो. स्नायूंतली वीज टिपणारे पट्टे पूर्वीही होते. नवा शोध लागला तो असा, की हा ब्रेक सुटण्याची एक लय असते, आणि ती कुंभाराच्या, शिंप्याच्या, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या हातात एकसारखीच सापडते. काम कोणतंही असो, कसलेला हात आलेखावर ओळखू येतो. ती लय सोंग घेऊन आणता येत नाही. मनगटाच्या वर चार बोटं रुंदीचा पट्टा बांधायचा, पाच कामं करायची, शंभरापैकी आकडा येतो. कागदावर त्याला हस्तगुणांक म्हणतात. लोक सरळ हातगुण म्हणू लागले. आपल्याकडे हा शब्द होताच. अमक्या डॉक्टरला हातगुण आहे, तमकीच्या लोणच्याला हातगुण आहे. मशीनने त्याला फक्त आकडा चिकटवला.

सत्तरच्या वर आकडा हवा, आणि ज्याचा सगळ्यांत जास्त त्याला पद. जोगेवाडीच्या शाळेत प्रयोगशाळा परिचराचं पद एकच होतं.

"मावशी, मीपण फॉर्म भरलाय. ओरडू नका," शाहीन म्हणाली.

शाहीन मुलाणी चोवीस वर्षांची. गावातलीच, मालनच्याच प्रयोगशाळेत वाढलेली. आठवीपासून दहावीपर्यंत शाळा सुटल्यावर ती तिथेच असायची. पुढे बी.एस्सी. झाली, आणि आता दोन वर्षं घरी बसून होती.

"ओरडू कशाला? भर की. मला हरवायचंच तर शिकवलंय तुला."

"तुम्हाला कोण हरवतंय! मी आपली दुसरी यायला भरलाय."

तालुक्याच्या केंद्रावर दोघी एकाच जीपने गेल्या. मालन आत गेली. पट्टा बांधला. समोर टेबल, आणि टेबलापलीकडे एक तरुण तपासनीस. दिवा पेटवा. काचपट्टी पुसा. पावडर जोखा. बाटलीला चिठ्ठी लावा. चंचुपात्रातलं पाणी परीक्षानळीत ओता. डोळे मिटून करण्यासारखी कामं. एक थेंब सांडला नाही.

पडद्यावर आकडा आला. अठ्ठावन्न.

"मशीन नादुरुस्त हाय काय?" मालनने विचारलं.

"नाही मावशी." पोरगा मवाळ होता. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. तुमची लय फार चांगली आहे. पण दिवा पेटवायच्या आधी, जोखायच्या आधी, ओतायच्या आधी तुमचा हात थांबतोय. प्रत्येक वेळी. पाऊण सेकंद."

आलेखावर ते दिसत होतं. रेघ सरळ चढत यायची आणि ऐन माथ्यावर एक सपाट पायरी. खाली मशीनने लिहिलं होतं: 'कृतिपूर्व विलंब. कारण: अनिश्चितता.'

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला खात्री नाहीये, असं ते म्हणतंय."

चौदा वर्षं. मालनने पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. बाहेर आली तर शाहीन आपला कागद पदराआड धरावा तसा ओढणीआड धरून उभी.

"किती?"

"मावशी, तुमचं आधी सांगा."

"अठ्ठावन्न."

शाहीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला एक्क्याण्णव होते.

"रडतीस काय, भवाने," मालन म्हणाली. "एक्क्याण्णव हायत. पेढं दे."

नापासांना पंधरा दिवसांनी एक फेरतपासणी होती. शाहीननेच तिचा अर्ज भरला. सरावासाठी केंद्रातून पट्टा मिळायचा, तो स्वतः जाऊन घेऊन आली.

"तो थांबा काढून टाकू आपण. बाकी तुमची लय माझ्यापेक्षा भारी आहे. थांबा गेला की तुम्ही पंच्याण्णववर."

"आन् तू?"

"मी दुसरी. सांगितलं ना."

"येडी हायस."

"तुमच्याच हाताखाली झाले."

पहिल्या दिवशी मालनच्या नवऱ्याला गंमत सुचली. ती चुलीपुढे बसली होती, पट्टा हातावर होताच. "भाकरीचं किती येतंय बघा की," तो म्हणाला. शाहीनने पट्ट्याचा छोटा पडदा सुरू केला. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. त्र्याण्णव.

"भाकरीला त्र्याण्णव आन् प्रयोगशाळंला अठ्ठावन्न," नवरा हसला. "कसली मॅडम आन् काय! बस घरात."

"गप बसा. जेवायचं हाय का न्हाय?"

शाहीन मात्र हसली नाही. हात तोच, बाई तीच, वय तेच. भाकरीला थांबा नाही. मग प्रयोगशाळेत ही पायरी येते कुठून? दोघींनी बराच विचार केला. भीती असेल. काचेची भीती. शाळेचं सामान फुटलं तर, हा धाक चौदा वर्षांचा होता. त्यांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत सराव चालला. मालन ओतायची. थांबा आला की शाहीन पेनाने टेबलावर टक् करायची. टक्. पुन्हा. टक्. पुन्हा. चौथ्या दिवशी पाऊणाचा अर्धा सेकंद झाला. सातव्या दिवशी पाव. आठव्या दिवशी मालनने चंचुपात्र उचललं आणि एका झोकात नळी भरली. पेन वाजलंच नाही.

चौऱ्याण्णव.

शाहीनने तिला मिठी मारली. मालन तिच्या खांद्यावरून टेबलाकडे बघत राहिली. हात हलका वाटत होता. कुणीतरी त्यातून काहीतरी काढून घेतल्यासारखा.

दहाव्या दिवशी सर मीटिंगला गेले होते. आठवीचा प्रयोग होता, मेण वितळवायचा. मालनने पाणी तापवलं. हर्षदा लोखंडे पुढे आली, ठेंगणी, चुणचुणीत, नळी धरायचा मान आज तिचा होता. तिने चिमटा घ्यायला हात पुढे केला. नळी हातात आली होती, चिमटा लागायचा होता. मालनने चंचुपात्र उचललं आणि एका झोकात ओतलं.

हर्षदा ओरडली. नळी फुटली. गरम पाणी तिच्या तीन बोटांवरून मनगटापर्यंत गेलं होतं.

मालनने तिला उचलूनच नळाखाली नेलं. पाण्याची धार धरली, तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला. बोटं लाल झाली होती, पण फोड बारीकच आले. गावातली नर्स बघून गेली, मलम लावलं, काळजीचं नाही म्हणाली.

"माझं चुकलं गं बाय. माझं चुकलं."

हर्षदा हुंदके देत होती. मग नाक पुसून, तक्रार करावी तशी म्हणाली, "मावशी, मी हां म्हणायच्या आधीच ओतलं तुम्ही."

"काय म्हणायच्या आधी?"

"हां."

"कुटं म्हणता तुम्ही हां? मी तर कधी ऐकलं न्हाय."

"म्हणतो की," हर्षदा म्हणाली. "मनात म्हणतो. सगळेच म्हणतात. घट्ट धरलं की मनात हां म्हणायचं, मग तुम्ही ओतता."

मालन नळाजवळच्या ओल्या फरशीवर बसली.

चौदा वर्षांपूर्वी, पहिल्या वर्षी, ती मोठ्याने विचारायची. "धरली का घट्ट?" पोर म्हणायचं, "हां." मग ती ओतायची. दिवा पेटवायच्या आधी विचारायची, "केस मागं घेतलं का?" "हां." जोखायच्या आधी, "दिसतंय का सगळ्यांना?" "हां." मग पोरं वाढली, तुकड्या वाढल्या, रोज तेच तेच. कधीतरी तिचा प्रश्न गळून पडला. मग पोरांचं उत्तर गळलं. मोठी पोरं धाकट्यांना सांगत गेली असतील, किंवा सांगतही नसतील, बघूनच कळत असेल. राहिली ती फक्त त्या 'हां'ला लागणारी जागा. पाऊण सेकंदाची. तिच्या हातात.

भाकरीला कोण हां म्हणणार?

तिने शाहीनला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"मावशी, मीपण म्हणायचे," शाहीन हळूच म्हणाली. "आठवलं आत्ता. मनातच म्हणायचे. आणि मीच टेबलावर टक् टक् करत बसले होते."

"तुझी चूक न्हाय. तुला नळी धरायला शिकवलं मी, ओतायला नंतर शिकवलं. तेव्हा आपण दोघीच असायचो. तू एकटीनं ओतायचीस. तुझ्या हातात थांबा येणार कुठनं?"

फेरतपासणीला मालन गेली. तोच तरुण तपासनीस होता. तिने पट्टा बांधून घेतला आणि विचारलं, "बाळा, माझ्या शेजारी एक पोरगं उभं करता येईल का? आठवी-नववीतलं, कुठलंबी."

"नियमात नाही मावशी. परीक्षागृहात मुलांना प्रवेश नसतो."

"मग परीक्षा कसली घेताय?"

त्याने पडद्यावर परीक्षा सुरू केली. तिने चंचुपात्र उचललं.

तिला येत होतं, हे लक्षात ठेवा. आठ दिवस राबून तिने ते मिळवलं होतं, चौऱ्याण्णव तिच्या मनगटात होते. इथे एका झोकात ओतायचं, पद घ्यायचं आणि शाळेत जाऊन पुन्हा थांबायचं, एवढं सोपं वाटतं ना? पण पट्टा नोकरीतही रोज बांधायचा असतो, आकडा दर महिन्याला येतो. आणि ते सोडा. परीक्षेला एक आणि पोरांना एक असे दोन हात तिने आणायचे कुठून? आठ दिवसांत हा हात थांबायला विसरला, आणि दहाव्या दिवशी एक पोर भाजलं.

मालनने चंचुपात्र तिरकं केलं आणि थांबली. तिच्या डाव्या बाजूला, तिच्या कोपराच्या उंचीवर, कुणीच नव्हतं. तरी ती थांबली. मग ओतलं.

साठ.

यादी लागली. पद शाहीनला मिळालं. त्या दुपारी ती नेमणुकीचा कागद घेऊन मालनच्या दारात आली.

"मी हे घेणार नाही."

"नको घेऊ. मग यादीतला पुढचा येईल. त्याला मी शिकवलेलं न्हाय."

शाहीन उंबऱ्यावरच बसली. मालनने तिच्यापुढे शेंगदाण्याची पोळी ठेवली. तिने ती खाऊन संपवली. मग मालन आत गेली आणि एक स्टीलचा पेला, एक काचेची बाटली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"ऊठ. आता मी पोरगी, तू मावशी. ही बाटली मी धरती. मी हां म्हणेस्तोवर ओतायचं न्हाय."

"म्हणा मग."

"मनात म्हणणार."

"मला कसं कळणार?"

"हेच तर शिकायचं हाय."

शाहीनने पेला तिरका केला. वाट पाहिली. मालनची बोटं बाटलीवर सैल होती. ती मुद्दामच छपराकडे बघत होती.

"मावशी, म्हणा की!"

"पोरं अशीच असत्यात. चिमणी बघत्यात, शेजारणीला चिमटा काढत्यात. थांब."

हळूहळू मालनची बोटं काचेवर घट्ट झाली. इतकुशी हालचाल, नखाजवळची कातडी पांढरी व्हावी एवढीच. शाहीनने ओतलं.

"आलं," मालन म्हणाली. "बघ, आलं की लगेच."

तीन संध्याकाळी हा खेळ चालला. चौथ्या दिवशी शाहीन शाळेत रुजू झाली, आणि हर्षदाने धरलेल्या नळीत तिने पहिल्यांदा पाणी ओतलं तेव्हा हर्षदा दचकली नाही. घरी येऊन तिने मालनला एवढंच सांगितलं. मालनने पदराने डोळे पुसले आणि धूर झालाय म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

पहिल्या महिन्याला शाहीनचा आकडा त्र्याऐंशी आला. दुसऱ्याला शहात्तर. तिसऱ्याला एकाहत्तर. 'कृतिपूर्व विलंब. कारण: अनिश्चितता.' पुढच्या महिन्यात सत्तरच्या खाली गेली की पद रिकामं, आणि यादीतला तो पुढचा उमेदवार हजर. त्याचा थांबा शून्य होता, सरळ चढत जाणारी सुंदर रेघ.

म्हणून दोघींनी मिळून हरकत लिहिली. मालनने आपल्या पदासाठी लिहिली नाही. तिने थांबा मोजू नका असंही लिहिलं नाही. थांबा मोजा म्हणाली, पण तो कामात धरा.

सुनावणी जिल्ह्याच्या मोठ्या इमारतीत झाली. टेबलामागे तुम्ही तिघे होतात. नावं घेत नाही, तुम्ही ओळखाल. शाहीनने सगळे आलेख टेबलावर मांडले. भाकरीचा, परीक्षेचा, तिचे तीन महिन्यांचे. मधल्या साहेबांनी ते चाळले. ते रागावले नाहीत, उलट समजावून सांगितलं.

"खिलारेबाई, तुमची भावना कळते. पण पट्टा कर्मचाऱ्याचा हात मोजतो. हे शिक्षकेतर पद आहे. मुलांशी संबंध शिक्षकांचा. शिक्षकेतर कर्मचारी काम करताना शेजारी विद्यार्थी नसतो, असं नियमातच लिहिलंय, म्हणून या पदाला विद्यार्थी हा निकषच लागू होत नाही."

"लागू होत न्हाय," मालन म्हणाली.

"नाही."

"साहेब, तुमच्या यादीतनं किती शाळांत हात नेमलं या वर्षी?"

"चारशेच्या आसपास."

"सगळं बिनथांब्याचं?"

"कार्यक्षम," मधले म्हणाले.

"त्या चारशे खोल्यांत किती पोरं भाजली, ते मोजलं का?"

कडेच्याने घड्याळ बघितलं. शिपाई दारात आला, पुढचा अर्जदार उभा होता. शाहीनने मालनच्या कोपराला हळूच हात लावला, निघायचं का म्हणून. मालन हलली नाही. आवाजही चढवला नाही, पोराला विचारावं तसं विचारलं.

"तुमच्या कागदात लिवलंय की मी काम करत असते तवा शेजारी कुणी नसतंय. हे तुमच्यातलं कुणीतरी लिवलं आसंल, आपोआप तर छापलं न्हाय. चौदा वर्षांत एक दिवस असा गेला न्हाय की माझ्या कोपराशी पोरगं नव्हतं. मग नव्हतं म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी? तुमच्यातलं कोण आलं होतं आमच्या खोलीत, आन् कवा? माणसाचं नाव सांगा, आन् तारीख सांगा."